सीएनसी कंट्रोलवरची कुलुपं: ऑप्शन पॅरामीटर ओळखायचे, तपासायचे आणि जपायचे कसे

कस्टमरकडून आलेला प्रोग्रॅम व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनवर चढवला, सायकल स्टार्ट दाबलं आणि जी६८ च्या (कोऑर्डिनेट फिरवायच्या कोडच्या) ओळीवर मशीन थांबलं. स्क्रीनवर अलार्म ०१०, इम्प्रॉपर जी-कोड. गोव्यातलं वेर्णा असो, कुंडई असो की बेथोडा, शेडमध्ये पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "पॅरामीटर लॉक आहे, कुणाला तरी बोलावून उघडून घ्या." मग कुणीतरी पॅरामीटर राईट चालू करतो, आकडे चाळतो, एखाद्या बिटावर एक टाकून बघतो, आणि सकाळी नुसता अलार्म असलेलं मशीन संध्याकाळपर्यंत खरोखरच बंद पडतं.

या गोंधळाचं मूळ 'लॉक' या एका शब्दात आहे. कंट्रोलवर निदान चार वेगळी कुलुपं असतात. त्यातलं एक तुमचं, दोन मशीन बनवणाऱ्याची आणि एक कंट्रोल कंपनीचं. कुठल्या कुलपापुढे उभे आहात ते कळल्याशिवाय किल्ली शोधू नये. इथे मुख्यतः फॅनुक कंपनीच्या कंट्रोलबद्दल लिहिलं आहे, कारण आपल्याकडच्या जॉब शॉपमध्ये तोच जास्त दिसतो. सीमेन्स, हायडनहाइन आणि हासचं थोडक्यात पुढे आहे.

आधी कुलूप कुठलं ते ठरवा

पहिलं कुलूप पॅरामीटर राईटचं. ते तुमचंच आहे. मोड एमडीआयवर (हाताने ओळ टाईप करून चालवायचा मोड) ठेवा किंवा इमर्जन्सी स्टॉप दाबा. ऑफसेट-सेटिंग की दाबून सेटिंगच्या पानावर जा आणि पॅरामीटर राईटसमोर १ टाका. लगेच अलार्म येतो: जुन्या मालिकांवर पी/एस १००, झिरो-आय डी आणि त्यापुढे एसडब्ल्यू ०१००. हा बिघाड नव्हे. दार उघडं आहे एवढंच कंट्रोल सांगतंय. कॅन आणि रिसेट एकदम दाबले की अलार्म तात्पुरता गप्प होतो. काम झालं की परत ० करा आणि रिसेट दाबा. काही पॅरामीटर बदलले की ००० नंबरचा अलार्म येतो, म्हणजे पॉवर बंद करून पुन्हा चालू करायची. अलार्म आला म्हणून घाबरून आधीचा आकडा परत टाकू नका.

आकडा टाईप होतो पण स्वीकारला जात नाही, असं झालं तर ऑपरेटर पॅनेलवरची मेमरी प्रोटेक्टची किल्ली बघा. निम्म्या वेळा घोडं तिथेच अडलेलं असतं.

दुसरं कुलूप प्रोग्रॅमचं. ओ९००० ते ओ९९९९ हे प्रोग्रॅम सहसा मशीन बनवणाऱ्याचे असतात: टूल चेंजचा मॅक्रो, प्रोबचा मॅक्रो, पॅलेट बदलायचा मॅक्रो. ते ३२०२ या पॅरामीटरच्या चौथ्या बिटाने झाकलेले असतात. वरून ३२१० मध्ये पासवर्ड असेल आणि ३२११ मध्ये तोच आकडा टाकला नसेल, तर चौथा बिट बदलतच नाही. ३२१० मधला आकडा स्क्रीनवर दिसत नाही, त्यामुळे बिट ऐकत नाही म्हणून मेमरी खराब झाली असा समज होतो. ९००० हा आकडा प्रोग्रॅममध्येही येतो आणि ऑप्शन पॅरामीटरचे नंबरही ९९०० च्या घरात असतात. फोनवर "नऊ हजारचं लॉक" म्हटलं की समोरचा दुसरंच काही समजतो. 'प्रोग्रॅम' की 'पॅरामीटर' ते आधी बोला.

हे दुसरं कुलूप कारण नसताना उघडू नका. ६०७१ मध्ये एम६ चा नंबर असला की एम६ दिल्यावर ओ९००१ चालतो. त्यातली एखादी ओळ गेली, किंवा १२४१ मधलं सेकंड रेफरन्सचं माप बदललं, तर झेड चुकीच्या उंचीवर थांबतो आणि एटीसीचा, म्हणजे आपोआप टूल बदलणारा हात टूलवर आपटतो.

तिसरं कुलूप मशीन बनवणाऱ्याच्या लॅडरमधलं, म्हणजे स्विच आणि रिले कसे चालायचे ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅममधलं. चिप कन्व्हेयर, ऑटो डोअर, बार फीडर, वर्क लाईट टायमर अशा गोष्टी बहुतेक वेळा सीएनसीच्या ऑप्शनमध्ये नसतातच. त्या पीएमसीच्या (लॅडर चालवणाऱ्या भागाच्या) कीप रिलेमध्ये, म्हणजे के बिटांमध्ये असतात. त्यांची यादी फॅनुकच्या पुस्तकात सापडणार नाही. मशीनच्या इलेक्ट्रिकल मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत शोधा. "ऑप्शन नाही" म्हणून कंट्रोल कंपनीला फोन करण्याआधी ही पानं बघितली तर एक फेरी वाचते.

चौथं कुलूप खरं ऑप्शनचं, म्हणजे वेगळे पैसे भरून घ्यायच्या सोयींचं. जी६८ वर अडलेली गाडी बहुधा इथे उभी असते.

बिट वाचायची सवय

पुढे जाण्याआधी एक ओळ जवळून बघू. स्क्रीनवर असं दिसतं:

३२०२ : ० ० ० १ ० ० ० १

फॅनुकचे बिट उजवीकडून मोजतात आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. सगळ्यात उजवा बिट शून्यावा, सगळ्यात डावा सातवा. वरच्या ओळीत शून्यावा बिट १ आहे, म्हणजे ओ८००० ते ओ८९९९ चं एडिट बंद. डावीकडे चार घरं सरकलात की आणखी एक १ दिसतो. तो चौथा बिट, म्हणजे ओ९००० पासूनचं एडिट बंद. नवीन मुलं हमखास डावीकडून मोजतात किंवा एकापासून मोजतात, आणि चौथ्याऐवजी तिसऱ्या बिटावर बोट ठेवतात. बदल करण्याआधी पूर्ण आठ आकड्यांची ओळ कागदावर उतरवा. "मी फक्त एक बिट बदलला" हे वाक्य दुरुस्तीच्या कामाचं नाही, आधीची ओळ कामाची आहे.

ऑप्शन पॅरामीटर म्हणजे काय

एकाच कंट्रोलचं सॉफ्टवेअर शंभर मशीनवर जवळपास तेच असतं. कोणी कस्टम मॅक्रोचे (प्रोग्रॅममध्ये व्हेरिएबल आणि हिशेब वापरायच्या सोयीचे) पैसे भरलेले असतात, कोणी नसतात. कोणाला चौथी ॲक्सिस हवी, कोणाला हेलिकल, कोणाला जादा वर्क कोऑर्डिनेट. काय चालू आणि काय बंद याचा हिशेब कंट्रोल एका राखीव जागेत ठेवतं. त्या जागेला ऑप्शन पॅरामीटर म्हणायचं. जुन्या फॅनुक झिरो मालिकेत ही जागा ९०० नंबरच्या घरात होती. १६, १८, २१ मालिकांत ती ९९०० च्या घरात गेली. नंतरच्या कंट्रोलवर तर ती नुसती बिटांची ओळ राहिली नाही: ऑप्शनची माहिती त्या विशिष्ट कंट्रोलच्या ओळख क्रमांकाशी बांधलेली असते, आणि जुळलं नाही तर कंट्रोल ऑथेंटिकेशन मागतं. पीएस ५५२३, म्हणजे ऑप्शन ऑथेंटिकेशनची वाट बघतोय, हा अलार्म दिसला तर ठरलेल्या मुदतीत अधिकृत माणसाकडून ते काम करून घ्यायचं. मशीन चालतंय म्हणून तो अलार्म रिसेट करत बसू नका.

आता झिरो-आयवाल्यांसाठी एक गोष्ट. झिरो-आय मालिकेत बऱ्याच सोयी मूळ पॅकेजमध्येच येतात आणि त्या चालू-बंद करायचे बिट ८१३० च्या घरात, उघड्या जागेत असतात. झिरो-आय डी वर ८१३१ चा शून्यावा बिट हँडव्हीलचा, ८१३२ चा शून्यावा टूल लाईफ मॅनेजमेंटचा, ८१३३ चा शून्यावा कॉन्स्टंट सरफेस स्पीडचा. हे बदलायला कुणाची परवानगी लागत नाही, पॅरामीटर राईट पुरतं. त्यामुळे झिरो-आयवर एखादी सोय नाही असं वाटलं तर आधी पॅरामीटर मॅन्युअलमधलं ८१३० नंतरचं पान उघडा. तुमच्या मालिकेचंच पुस्तक घ्या. बी, सी, डी, एफ या अक्षरांत बिटांचे अर्थ बदलतात. आणि ८१३० हा स्वतः एकूण ॲक्सिसचा आकडा आहे, त्याला हात लावू नका.

पण ९०० किंवा ९९०० च्या बिटांत "इथे एक टाका, तिथे शून्य टाका" असं सांगणारे भेटतात, थोड्या पैशांत मॅक्रो उघडून देतो म्हणणारेही भेटतात. ऑप्शन ही विकत घ्यायची वस्तू आहे, हे एक. दुसरं त्याहून रोजच्या कामाचं: काही ऑप्शन बदलले की मेमरीची आतली मांडणीच बदलते. प्रोग्रॅमची जागा, टूल ऑफसेटची संख्या, मॅक्रो व्हेरिएबलची जागा सरकते, आणि कंट्रोल मेमरी क्लिअर केल्याशिवाय उठत नाही. हाताशी बॅकअप नसेल तर मशीन शून्यावर येतं. तिसरं, बिटाने सर्किट उगवत नाही. रिजिड टॅपिंगला स्पिंडलचा पोझिशन फीडबॅक आणि लॅडरमधला एम२९ लागतो. प्रोबला स्किप सिग्नलची वायर लागते, फॅनुकवर ती सहसा एक्स४.७ ला येते. चौथ्या ॲक्सिसला मोटर, सर्वो ॲम्प्लिफायर आणि लॅडर लागतं. नुसता ॲक्सिसचा आकडा वाढवला तर कंट्रोल नसलेला ॲम्प्लिफायर शोधत बसतं आणि सर्वो अलार्म देतं.

शेजारच्या शेडमधल्या त्याच मॉडेलच्या मशीनची पॅरामीटर फाईल घालणं हा याचाच चुलतभाऊ. मॉडेल तेच असलं तरी १३२० आणि १३२१ मधल्या स्ट्रोक लिमिट, १८५० मधला ग्रिड शिफ्ट (होमच्या जागेची दुरुस्ती) आणि पिच एररची (स्क्रूच्या मापातल्या चुकीची) भरपाई हे त्या एका मशीनचं माप असतं. फाईल चढते, मशीन चालूही होतं, आणि पहिल्याच जॉबला बोअर सरकलेला निघतो.

पॅरामीटरला हात न लावता ऑप्शन तपासायचा

बहुतेक ऑप्शनची परीक्षा एमडीआयमध्ये दोन ओळींत होते. स्पिंडल बंद, टूल जॉबपासून लांब, फीड ओव्हरराईड शून्यावर. मग:

कोऑर्डिनेट रोटेशनसाठी जी६८ एक्स० वाय० आर० देऊन लगेच जी६९. कोन शून्य असल्यामुळे काही हलत नाही. अलार्म नाही आला तर ऑप्शन आहे.

कस्टम मॅक्रोसाठी हॅश १०० मध्ये एखादा आकडा घालणारी एक ओळ चालवा, आणि ऑफसेटच्या पानांवर मॅक्रोची सॉफ्ट की दिसते का ते बघा. आकडा तिथे उमटला पाहिजे.

एआय कंटूर कंट्रोलसाठी जी०५.१ क्यू१ आणि पाठोपाठ जी०५.१ क्यू०. जादा वर्क कोऑर्डिनेटसाठी जी५४.१ पी१, मग जी५४ वर परत.

लेथवर पोलर इंटरपोलेशनचा जी१२.१ तपासताना जपा. तो सी ॲक्सिस मागतो, आणि स्पिंडल सी मोडला नसेल तर अलार्म ऑप्शनचा नसून मोडचा असतो.

०१० अलार्म आला म्हणजे ऑप्शन नाहीच, असंही नाही. लेथवर जी-कोडच्या ए, बी, सी अशा तीन पद्धती असतात आणि ३४०१ चे सहावा-सातवा बिट त्या ठरवतात. बी पद्धतीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम ए पद्धतीच्या लेथवर चढवला की तोच कोड वेगळं काम करतो किंवा अलार्म देतो. कॅमच्या पोस्टमधून (कॅम सॉफ्टवेअरमधला, कंट्रोलच्या भाषेत प्रोग्रॅम काढणारा भाग) आलेला प्रोग्रॅम असेल तर पोस्टमध्ये कंट्रोलचं नाव काय निवडलंय ते आधी विचारा. पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या कस्टमरने त्याच्या मोठ्या कंट्रोलसाठी काढलेला प्रोग्रॅम तुमच्या झिरो-आय मेटवर जसाच्या तसा चालावा, ही अपेक्षाच चूक. दोन होल फिरवण्यासाठी जी६८ विकत घेण्यापेक्षा पोस्टमधून फिरवलेले पॉईंट काढून घेणं स्वस्त.

कागदावरचा पुरावाही शोधा. मशीनसोबत कंट्रोलची डेटा शीट येते, बहुधा इलेक्ट्रिकल पॅनेलच्या दाराच्या आतल्या खिशात घडी घालून ठेवलेली. त्यावर ए०२बी ने सुरू होणारे ऑर्डर नंबर असतात आणि ऑप्शनच्या ओळीत इंग्रजी 'जे' (J) हे अक्षर व तीन आकडे. ती शीट सापडली तर आधी फोटो काढा. आपल्या हवेत पाच पावसाळ्यांनंतर त्या कागदाचा लगदा होतो.

बॅकअप: दोन प्रकारचा, दोन्ही घ्या

पहिला टेक्स्ट बॅकअप. २० नंबरच्या पॅरामीटरमध्ये ४ म्हणजे मेमरी कार्ड, १७ म्हणजे यूएसबी, जिथे पोर्ट आहे तिथे. मोड एडिट, सिस्टिम की, पॅरामीटरचं पान, ऑपरेशन, उजवा बाण, आऊटपुट, ऑल, एक्झिक्यूट. १६आय-१८आयवर सीएनसीपॅराम डॉट डॅट, झिरो-आय डी वर सीएनसी-पॅरा डॉट टीएक्सटी नावाची फाईल बनते. ती कॉम्प्युटरवर उघडून बघता येते, हाच तिचा फायदा. पण त्यात ऑप्शनचा भाग आला आहे असं धरून चालू नका. फाईल उघडा, शेवटच्या ओळी बघा. ९९०० च्या ओळी नसतील तर ती फाईल मशीन पूर्ण उठवू शकणार नाही. फॅनुक झिरोसारख्या जुन्या कंट्रोलवर ९०० ची पानं एकेक करून मोबाईलवर टिपा आणि हातानेही उतरवा.

दुसरा एसरॅमचा, म्हणजे बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीचा बॅकअप, जो खरा तारतो. त्यात पॅरामीटर, प्रोग्रॅम, ऑफसेट, व्हेरिएबल, पिच एरर, ऑप्शन असं सगळं एका गठ्ठ्यात येतं. पॉवर बंद करा. स्क्रीनखालच्या सगळ्यात उजवीकडच्या दोन सॉफ्ट की दाबून धरा आणि पॉवर चालू करा. सॉफ्ट की नसलेल्या स्क्रीनवर एमडीआयच्या ६ आणि ७ या की धरायच्या. बूटचा मेनू येतो.

१६आय, १८आय, २१आय आणि झिरो-आय बी-सी वर पाचवी ओळ एसरॅम डेटा बॅकअप. झिरो-आय डी आणि ३०आय घराण्यात सातवी ओळ एसरॅम डेटा युटिलिटी. आत गेल्यावर पहिली ओळ बॅकअपची, बाण सीएनसीकडून कार्डाकडे. दुसरी रिस्टोअरची, बाण उलटा. सिलेक्ट दाबण्याआधी बाण बोट ठेवून वाचा. दमलेल्या हाताने दुसरी ओळ निवडली तर कार्डावरचा तीन वर्षांपूर्वीचा डेटा आजच्या डेटावर बसतो. त्याच मेनूत सिस्टिम डेटा डिलीट अशी ओळ आहे. तिच्या वाटेला जाऊच नका.

कार्ड लहान घ्या: कॉम्पॅक्ट फ्लॅश, ॲडाप्टरसह, २ जीबी किंवा कमी, फॅट फॉरमॅट. मोठं कार्ड कंट्रोलला दिसत नाही आणि माणसं स्लॉट खराब आहे समजून बोर्ड काढायला लागतात. बॅकअप झाल्यावर कार्ड कॉम्प्युटरला लावून फाईल आहे का, तिचा आकार शून्य तर नाही ना, ते तपासा. एक एमबी एसरॅम असलेल्या कंट्रोलवर एसरॅम१_०ए डॉट एफडीबी असं नाव दिसतं. फोल्डरला मशीनचा सिरियल नंबर आणि तारीख द्या. 'नवीन बॅकअप', 'फायनल बॅकअप' अशी नावं दोन वर्षांनी कुणालाच कळत नाहीत.

एसरॅम परत चढवला तर सगळं त्या तारखेवर जातं, टूल ऑफसेट आणि प्रोग्रॅमसकट. म्हणून रिस्टोअरनंतर प्रत्येक टूलची लांबी पुन्हा घ्या, ॲक्सिसचं शून्य मशीनवरच्या खुणेशी पडताळा आणि पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर चालवा.

नव्या कंट्रोलवर आत फ्लॅशमध्येही आपोआप बॅकअप ठेवता येतो: १०३४० चा शून्यावा बिट १, १०३४१ मध्ये किती दिवसांनी, १०३४२ मध्ये किती प्रती, जास्तीत जास्त तीन. चालू करून ठेवा. पण बोर्डच गेला तर आतला बॅकअपही त्याच्यासोबत जातो, म्हणून कार्ड हवंच.

बॅटरी, पावसाळा आणि चवथ

आपल्याकडे ऑप्शन हरवायचं सगळ्यात नेहमीचं कारण चोरी नाही, छेडछाडही नाही, तीन व्होल्टची बॅटरी आहे. मशीन चालू असताना एसरॅम मेन्सवर जगतो, बंद असताना बॅटरीवर. जूनपासून लाईन ट्रिप व्हायला लागते, मशीन बंद राहायचे तास वाढतात. मग चवथ येते. कुणाचा गणपती दीड दिवसाचा, कुणाचा पाच, कुणाचा सात. शेड आठवडाभर बंद, मेन स्विच खाली. परत येऊन चालू केलं की एसरॅम पॅरिटी किंवा ईसीसीचा अलार्म: ९१०, ९११ किंवा ९३५, मालिकेप्रमाणे. मेमरी क्लिअर केल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि क्लिअर केली की ऑप्शनही पुसले जातात. बंगळुरूला फॅनुक इंडियाचं मुख्य कार्यालय आहे, पण सणाच्या आठवड्यात इंजिनीयर चोर्ला घाट उतरून येईपर्यंत शेड आणखी चार दिवस बंद राहिली असं समजा.

स्क्रीनच्या खालच्या ओळीत बॅट ही तीन अक्षरं लुकलुकायला लागली की साधारण दोनेक आठवड्यांची मुदत असते. तीही मशीन किती बंद राहतं त्यावर. लुकलुकणं दिसो न दिसो, वर्षातून एकदा बॅटरी बदला. आपल्याकडे मे महिना बरा: हवा कोरडी नसली तरी पाऊस नाही, आणि चवथीला तीनेक महिने आहेत.

बदलायची रीत मालिकेप्रमाणे वेगळी. आय मालिकेच्या कंट्रोलमधली लिथियम बॅटरी अशी बदलायची: कंट्रोल तीसेक सेकंद चालू ठेवा, बंद करा, जुनी काढा आणि अर्ध्या तासाच्या आत नवीन लावा. तेवढा वेळ आतला कपॅसिटर मेमरी धरतो. नवीन बॅटरी हातात, खोक्यातून बाहेर काढलेली असल्याशिवाय जुनीला हात लावू नका. जुन्या झिरो मालिकेला बाहेरच्या डब्यात तीन डी साईझचे अल्कलाईन सेल असतात. तिथे कंट्रोलची पॉवर चालू ठेवूनच सेल बदलायचे, आतल्या लाईव्ह टर्मिनलपासून हात लांब ठेवून. सेल साधे नकोत, अल्कलाईनच. साधे सेल फुटून डब्याच्या पत्त्या खातात, आणि मडगाव-वास्को पट्ट्यातल्या खाऱ्या हवेत त्या पत्त्या आधीच हिरव्या झालेल्या असतात. बॅटरी बदलूनही बॅट लुकलुकत राहिलं तर पत्ती आणि कनेक्टर आधी बघा.

सर्वो ॲम्प्लिफायरवरची सहा व्होल्टची बॅटरी वेगळी, ती ॲब्सोल्युट एन्कोडरची. ती गेली तर ऑप्शन जात नाहीत, ॲक्सिसचं शून्य जातं आणि ३०० नंबरच्या घरातला एपीसी अलार्म येतो. १८१५ चा चौथा बिट शून्यावर आलेला दिसेल. शून्य परत लावणं हे मशीनच्या खुणांवर काम करणाऱ्या माणसाचं काम, त्यात घाई केली तर टूल चेंजच्या वेळी कळतं.

सुट्टीआधी एसरॅम बॅकअप घ्या, कार्ड घरी न्या. पॅनेलचं दार रबरासकट नीट लावा. सुट्टीनंतर पॅनेल उघडून आत ओल आहे का बघा. पत्र्यावर दव असेल तर मेन चालू करण्याआधी ते सुकवा.

इतर कंट्रोलवर काय वेगळं

सीमेन्स ८४०डी मध्ये ऑप्शनचे मशीन डेटा १९००० च्या घरात असतात आणि हक्क शून्य ते सात अशा पातळ्यांवर वाटलेले असतात: शून्य सीमेन्सची, एक मशीन बनवणाऱ्याची, दोन सर्व्हिसची, तीन युजरची, चार ते सात किल्लीच्या स्विचच्या. ८४०डी एसएल वर लायसन्स की कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डाच्या सिरियल नंबरशी बांधलेली असते. ऑप्शन सेट केला पण की घातली नाही तर ८०८० अलार्म. की आहे पण त्यात तो ऑप्शन नाही तर ८०८१. इथली मोठी चूक म्हणजे कार्ड खराब वाटलं म्हणून बाजारातून आणलेल्या कार्डावर डेटा उतरवणं. डेटा येतो, लायसन्स येत नाही. जुनं कार्ड फेकू नका, त्यावरचा नंबर नव्या कीसाठी लागतो. स्टार्ट-अपच्या लायसन्सेस पानावर कुठले ऑप्शन अपुरे आहेत त्याची यादी मिळते, आधी ती बघा.

हायडनहाइनवर एसआयके असतो, म्हणजे कंट्रोलची ओळख. त्याचा नंबर देऊन ऑप्शनची की मागवायची. हासवर ऑप्शन ॲक्टिव्हेशन कोडने उघडतो आणि बरेचसे ऑप्शन २०० तास फुकट वापरून बघता येतात. एखादा मोठा जॉब येणार असेल तर हे तास नेमके तेव्हाच सुरू करा, सहज बघायला म्हणून नको.

ऑप्शन विकत घ्यायचाच असेल तर

आधी मशीन बनवणाऱ्याला विचारा, कंट्रोल कंपनीला नंतर. कारण वर सांगितलं तेच: लॅडर आणि हार्डवेअर त्यांच्या हातात असतं. विचारताना या गोष्टी एकत्र पाठवा: मशीनचा मॉडेल आणि सिरियल नंबर, कंट्रोलची मालिका पूर्ण अक्षरांसकट, सिस्टिम कॉन्फिगरेशनच्या पानावरचा सॉफ्टवेअर नंबर, उदाहरणार्थ झिरो-आय एमडीवर डी४एफ१, आणि त्यापुढची एडिशन, नव्या कंट्रोलवर सीएनसीचा ओळख क्रमांक, आणि ज्या ओळीवर अडतंय ती ओळ अलार्मच्या फोटोसकट. "मॅक्रो पाहिजे" एवढंच लिहिलं तर तीन मेल फुकट जातात.

भावपत्रकात तीन गोष्टी वेगळ्या लिहून मागा: ऑप्शनची किंमत, लॅडर किंवा वायरिंगचं काम, आणि चालू करून दाखवायची जबाबदारी कोणाची. इंजिनीयर निघण्याआधी नवीन एसरॅम बॅकअप घ्या, कारण जुन्या बॅकअपमध्ये नवीन ऑप्शन नाही. ही चूक फार होते: पैसे भरून ऑप्शन बसवला, सहा महिन्यांनी बॅटरी गेली, जुना बॅकअप चढवला, आणि ऑप्शन गायब.

जुनं मशीन घेताना

कोल्हापूर-बेळगावकडून किंवा पुण्याहून जुनी मशीन आपल्याकडे बरीच येतात. ट्रेलरवर चढण्याआधी, तिथेच पॉवर लावून, हे करा. चालू होताना बॅट लुकलुकतंय का बघा. वर दिलेल्या एमडीआय चाचण्या तुमच्या जॉबला लागणाऱ्या ऑप्शनपुरत्या घ्या. विक्रेता "सगळे ऑप्शन ओपन आहेत" म्हणाला तर हेच कारण जास्त तपासायचं. सीमेन्स असेल तर कार्ड मूळचं आहे का आणि ८०८० किंवा ८०८१ येतोय का बघा. फॅनुक नवीन असेल तर ऑथेंटिकेशनचा अलार्म आहे का बघा. मग तुमचं स्वतःचं कार्ड घालून एसरॅम बॅकअप घ्या आणि तो घेतल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. मशीन चार दिवस रस्त्यावर, क्रेनवर आणि ताडपत्रीखाली असतं, आणि आतली बॅटरी किती जुनी आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. नवीन बॅटरी लोड करण्याआधीच बसवली तर उत्तम.

मशीन जागेवर उभं राहिलं की पॅनेलच्या दाराच्या आत एक लॅमिनेट केलेला कागद चिकटवा. त्यावर बॅटरी बदलल्याची तारीख, बॅकअपची तारीख, कार्ड कुठे ठेवलंय, कंट्रोलची मालिका आणि ऑप्शनची यादी. पेनची शाई आपल्या पावसाळ्यात पसरते, म्हणून आत पेन्सिलने लिहा आणि मग लॅमिनेट करा.